सेकंदाला चित्रं किती?

तुमच्या बेसमेंटमधल्या एखाद्या खोक्यात ती अजून असेल बघा: घरच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, कुणाच्या तरी बॅगेतून भारतातून आलेली. इथल्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र वरखाली धावायचं आणि रंग गायब. कॅसेट खराब, असं म्हणून आपण ती ठेवून दिली. खरं तर ती ठणठणीत होती.

सिनेमा म्हणजे झपाझप दाखवलेली स्थिरचित्रं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सेकंदाला किती, हा मात्र बराच काळ मर्जीचा मामला होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. मूकपटाला सेकंदाला सोळा-अठरा चित्रंही पुरत. पुढे ते जास्त वेगाने दाखवले गेले, म्हणून त्यांतली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. आपले पणजोबा काही तसे चालत नव्हते!

बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. चित्राबरोबर आवाज बांधला गेला; वेग हलला की गाणाऱ्याचा सूर हलणार. डोळा चालवून घेतो, कान घेत नाही. म्हणून २४ हा आकडा पक्का झाला. फाळक्यांनी १९१३ मध्ये मुक्याने सांगितलेली हरिश्चंद्राची गोष्ट ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’मधून मराठीत बोलती केली, ती या नव्या शिस्तीत.

टीव्हीने मात्र विजेचं बोट धरलं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ३० फ्रेम. भारतात ५० हर्ट्झ, म्हणून २५. त्यात अमेरिकेने १९५३ मध्ये रंग आणताना आवाजाशी गडबड होऊ नये म्हणून ३० चे २९.९७ केले. हा अपूर्णांक आजही एडिटरांचा छळ करतो. इथली पद्धत एनटीएससी, ५२५ ओळींची. भारतातली पाल, ६२५ ओळींची. तुमच्या कॅसेटचं भांडण हेच.

२४ फ्रेमचा सिनेमा टीव्हीवर बसवायचीही दोघांची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत चार फ्रेमच्या पाच करतात. ५० हर्ट्झच्या देशांत फिल्म सरळ २५ ने पळवत. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपायचा आणि गाण्याचा सूर किंचित चढायचा.

आता कामाचं. फीत दरवर्षी झिजते आहे, तेव्हा कॅसेट डिजिटल करून घ्याच. पण देताना ‘२५ फ्रेम तशाच ठेवा’ असं बजावून सांगा. आजच्या फोन-कॉम्प्युटरला २५ सहज चालतात. आमची एक कॅसेट एका दुकानाने न विचारता ३० ची करून दिली. जास्तीच्या फ्रेम यंत्राने मध्ये घुसवलेल्या, त्यामुळे नवरीला हळद लावणारा आजीचा हात दर क्षणाला अडखळतो. आजी आता नाही. मूळ कॅसेट सुदैवाने मी टाकली नव्हती. दुसऱ्यांदा देताना तिच्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: पाल, २५.