वीज आहे, पण मशीन उठत नाही

अॅपलचा ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ 20 सप्टेंबर 1989 रोजी जाहीर झाला. वजन सात किलोच्या वर, किंमत 6,500 डॉलर. ऑगस्ट 1991मध्ये ‘अटलांटिस’ यानातून पृथ्वीवर ईमेल आला तो याच मशीनवरून; अवकाशातला पहिला ईमेल म्हणून त्याची नोंद होते. आज असा पोर्टेबल माळ्यावर किंवा विद्यापीठाच्या संग्रहात सापडला, तर तक्रार बहुधा एकच असते: अडॅप्टर लावलाय, वीज येतेय, तरी मशीन ढिम्म. पॉवरचं बटण शोधू नका, ते नाहीच. कोणतीही कळ दाबली की मशीन जागं व्हायचं.

मग अडतं कुठे? बॅटरीत. आत शिसं-आम्लाची सीलबंद बॅटरी असते. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचीच धाकटी बहीण म्हणा ना. चार्जरशिवाय कामाचे बरेच तास निघावेत म्हणून ती निवडली. अडॅप्टर मात्र लहान ठेवला. तो बॅटरी भरत राहणार आणि हार्ड डिस्क फिरायला लागताना लागणारा जास्तीचा करंट बॅटरी पुरवणार, असा हिशोब. म्हणून बॅटरी मेली की भिंतीतली वीज असूनही मशीन सुरू होत नाही. आणि ही बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. मग ती चार्ज धरत नाही. म्हणजे ज्याला आपण ‘बिघाड’ म्हणतो, तो खरं तर 1989मधला एक निर्णय आहे. हे मशीन रोज वापरात राहील, असं त्यात गृहीत धरलं होतं.

दुसरं दुखणं वयाचं. मदरबोर्डवरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळतात आणि त्यातला द्रव तांब्याच्या रेषा खातो. मुख्य बॅटरी बदलताना मेमरी टिकावी म्हणून आत 9 व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. तीही गळते.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचं काय? त्या वर्षांतली पत्रं, मसुदे, हिशेब अशाच 40 मेगाबाइटच्या डिस्कवर आहेत, आणि कित्येकांची कागदी प्रत कधी निघालीच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून कळ दाबू नका. आधी दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढा. बोर्ड तपासा, साफ करून घ्या, गळके कॅपॅसिटर बदलून घ्या. मग 6 व्होल्टची नवी बॅटरी बसवा. जुन्या डब्यात 2 व्होल्टचे तीन सेल बसवूनही ती करता येते. डिस्क फिरलीच, तर पहिलं काम तिची पूर्ण प्रत घेण्याचं. डिस्क काढून दुसरीकडे वाचायची असेल, तर लक्षात ठेवा: तिची जोडणी 34 पिनांची आहे, नेहमीची 50 पिनांची नाही.

मशीन पुन्हा दुरुस्त करता येईल. डिस्कला मात्र कदाचित एकच संधी मिळेल.