इंची आटे, मिलिमीटरी आटे

काळेवाडीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला नट आणि बोल्ट यांचे भांडण समजावून सांगावे लागत नाही. जुन्या विलायती यंत्राचा बोल्ट 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने ठरवून दिलेल्या 55 अंशांच्या आट्यांचा; नवा नट 60 अंशांच्या मिलिमीटरी आट्यांचा. दोघेही चांगल्या पोलादाचे, पण दोन फेरे झाले की अडकलेच. मेट्रिक मापे आपल्याकडे 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली, तरी आमच्या शेडमधल्या खोक्यांतून इंची बोल्ट पुढे कितीतरी वर्षे निघत राहिले.

हेच भांडण कॉम्प्युटरच्या पोटातही चालते, हे मला कळले ते 2011 च्या दिवाळीत. आमच्या दादांचे, म्हणजे वडिलांचे, चालतेबोलते चित्रण एकच. तेही इंडिओ नावाच्या जुन्या पद्धतीने साठवलेले आणि घरातल्या नव्या यंत्रावर न उघडणारे. दादांचा हसरा फोटो घरात नाही. चित्रणात मात्र ते एकदा हसले होते, एवढे सर्वांना आठवत होते. पुतण्या म्हणाला, "काका, त्यातले एकेक चित्र सुटे करणारा प्रोग्राम मी लिहितो. पण आधी एफएफएमपेग बांधून घ्यावे लागेल."

बांधायचे म्हणजे काय? तर माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवायचा. हे काम करणारा तो कंपायलर. ड्रॉइंग फुकट मिळाले, तरी माल आपल्याच लेथवर काढायचा, तसेच हे.

हे ड्रॉइंग 2000 साली सुरू केले फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने. नावातले 'एफएफ' म्हणजे फास्ट फॉरवर्ड. माणूस मोठा अचाट! चित्र आणि ध्वनी उलगडणारे हे ग्रंथालय त्याने उभे केले, वर एक चिमुकला कंपायलरही स्वतः लिहिला. आणि 2009 अखेरीस साध्या डेस्कटॉपवर पायचे सुमारे 2 लाख 70 हजार कोटी अंक काढून जपानी महासंगणकाचा विक्रम मोडला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी एफएफएमपेगमध्ये जुन्या, विसरलेल्या पद्धतींचे उलगडे भरले. इंडिओही त्यांतलाच.

पुतण्याने जीसीसी वापरला. रिचर्ड स्टॉलमनने 1987 मध्ये खुला केलेला हा कंपायलर मिनजीडब्ल्यू या रूपाने विंडोजवरही चालतो. शेकडो फाइलींची नावे पडद्यावरून सरकत गेली आणि फराळ होईतो काम झाले. मी विचारले, "विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ असताना हा वळसा कशाला?"

तेव्हा आट्यांची गोष्ट निघाली. सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास घडवली. तिचे एक प्रमाण 1989 चे, दुसरे 1999 चे. गृहिणींना समजेल असे सांगतो. मिसळणाच्या डब्यात 'हळदीच्या वाटीत हळद' असे नाव घेऊन भरण्याची मुभा 1999 च्या सीने दिली. 1989 च्या सीमध्ये पहिली वाटी, दुसरी वाटी असे क्रमानेच भरावे लागे. एफएफएमपेगवाले सर्रास नाव घेऊन भरत. मायक्रोसॉफ्टचे लक्ष सी++ वर, त्यामुळे त्यांचा कंपायलर सीच्या बाबतीत बहुतांशी 1989 लाच थांबलेला. शिवाय वेगासाठी प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले काही तुकडे जीसीसीच्याच धाटणीचे होते.

दोष कोणाचा? जुने प्रमाण न सोडणाऱ्याचा, असे म्हणायचा मोह होतो. पण ग्रंथालय सर्वांसाठी खुले म्हणायचे आणि निम्म्या लेथवर ते चढू नये, हेही मला पटेना. मौज अशी की तोड निघाली ती भांडून नव्हे. 2012 मध्ये काही स्वयंसेवकांनी एक दुभाष्या प्रोग्राम लिहिला. क्लँग या तिसऱ्याच कंपायलरच्या मदतीने तो नव्या सीचा मजकूर वाचायचा, वाटीच्या नावाऐवजी तिचा क्रमांक घालून जुन्या सीत लिहायचा आणि व्हिज्युअल सी++ च्या हाती द्यायचा. 2013 च्या व्हिज्युअल स्टुडिओने नव्या सीच्या बऱ्याच सोयी स्वतःच स्वीकारल्या आणि पुढे दुभाष्याची गरज उरली नाही.

आम्ही मात्र त्याआधीचे. जीसीसीने बांधलेले ग्रंथालय पुतण्याने आपल्या प्रोग्रामला जोडले आणि दादांचे चित्रण सेकंदाला 25 चित्रे या हिशोबाने सुटे होऊ लागले. हसू जेमतेम सेकंदभराचे. भाऊबिजेच्या रात्री त्यातले एक चित्र निवडून आम्ही आईपुढे धरले. तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाली, "हा कोट त्यांचा नव्हे. कुणाचा घातला होता रे?"