लोणारच्या विवराचा उलगडा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाच्या वेशीपाशी सपाट जमीन एकाएकी तुटते आणि समोर अठराशे मीटर रुंदीचे वाटोळे विवर उघडते. उतारावर दाट झाडी, तीत पुरातन देवळे, काठावर धारेचे गोडे पाणी आणि तळाशी मासाही जगू नये इतके खारे सरोवर! लोककथेने याचा उलगडा केव्हाच करून टाकला होता. येथे लवणासुर भूमीखाली दडला होता. विष्णूने वरचे झाकण उडवून त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे. व्यवहारी माणसांचे लक्ष मात्र क्षारांकडे होते; काच आणि साबण यांची सामग्री येथे मिळते, अशी नोंद अबुल फझलने ‘ऐने-अकबरी’त केली आहे.

1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, आणि पुढे शास्त्रज्ञांनी निर्णय दिला, की हे ज्वालामुखीचे मुख होय. भोवतालचा सारा प्रदेश लाव्हारसाचा. तेव्हा दुसरे काय सुचणार? तथापि ब्लॅनफर्डसारख्या साक्षेपी भूशास्त्रज्ञाला अडचण दिसत होती. विवराभोवती नव्या लाव्ह्याचा मागमूस नव्हता, खडकांचे थर जवळजवळ आडवेच होते. तरीही 1879 च्या ग्रंथात, दुसरे कारण संभवत नाही म्हणून, स्फोटाचेच कारण मान्य झाले. आकाशातून दगड पडून एवढा खड्डा होईल, ही कल्पना त्या काळी कोणाच्या पचनी पडणारी नव्हती.

गंमत पुढेच आहे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात असेच एक विवर आहे. गिल्बर्ट या थोर भूशास्त्रज्ञाने 1896 साली ते वाफेच्या स्फोटाने झाले असे ठरविले, आणि जोडीला दाखला दिला तो लोणारचा! म्हणजे एका चुकीने दुसरीस आधार दिला. पुढे ॲरिझोनाचे विवर अशनिपाताचे ठरले आणि लोणारकडेही त्याच दृष्टीने पाहणे भाग पडले.

निकाल लागला तो सरोवराच्या तळाशी. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेथे छिद्रे पाडून खडकांचे नमुने वर काढले. गाळाच्या जाड थराखाली चुरडलेला बेसाल्ट सापडला आणि त्यातील काही स्फटिक न वितळताच काचेसारखे झालेले आढळले. अशी अवस्था येण्यास लागणारा आघात कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. 1973 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेसाल्टातील अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी असल्याने चंद्र व मंगळ यांच्या अभ्यासकांनाही लोणार मोलाचे वाटू लागले.

2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुन्हा तर्कांना ऊत आला. पण ती करणी खारटपणा वाढताच फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांची होती. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा लाभला. वयाचा वाद मात्र चालूच आहे. एका पद्धतीने विवर सुमारे पन्नास हजार वर्षांचे ठरते, तर 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते पावणेसहा लाख वर्षांच्या घरात जाते.