माती वाळते, चुना वाळत नाही

लातूरजवळच्या एका शिक्षक-शिबिरात आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. भिंतीला लावलेला मातीचा गिलावा वाळतो, तसाच चुन्याचाही वाळतो. हे बदल भौतिक की रासायनिक? बहुतेकांनी दोन्ही भौतिक ठरवले. पाणी उडून गेले, आणखी काय! तेवढ्यात मागे बसलेले एक गुरुजी म्हणाले, "मग डबीतला चुना एकदा वाळला की पाणी घातलं तरी पहिल्यासारखा का होत नाही?"

तंबाखूच्या डबीने पाठ्यपुस्तकाला गाठले होते!

आपल्या काळ्या मातीचे ढेकूळ उन्हात दगडासारखे होते आणि पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो. माती तीच राहते, पाणी फक्त येते-जाते. चुन्याचे तसे नाही. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत पुरती भाजली, तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसून तापतो, १८ ग्रॅम पाणी स्वतःत सामावून घेतो आणि ७४ ग्रॅम पांढरी भुकटी होते. पाणी जिरले कुठे, असे मुलांना जरूर विचारावे.

भट्टीत नाहीसे झालेले ४४ ग्रॅम कुठे गेले, हे कळायला मात्र अठरावे शतक उजाडावे लागले. कळीचा चुना पोळतो, तेव्हा भट्टीतला अग्नीच त्यात शिरला असणार, असे तेव्हाचे पंडित मानत. समजूत अगदीच वेडगळ नव्हती. चुना जास्त झाला की जीभ पोळतेच. एडिंबरोत वैद्यक शिकणारा जोसेफ ब्लॅक मूतखड्यावरच्या औषधाच्या शोधात या क्षारांकडे वळला आणि त्याने तराजू हाती घेतला. १७५६ साली छापलेल्या निबंधात त्याने हिशेब मांडला. १२० ग्रेन खडू भाजल्यावर ६८ ग्रेन उरला. काही शिरले नव्हते, निघून गेले होते. तो चुना त्याने सौम्य क्षाराच्या द्रावणात टाकला, तेव्हा ११८ ग्रेन पांढरी पूड परत मिळाली, आणि ती खडूच होती. निघून जाणाऱ्या त्या हवेला त्याने 'बद्ध हवा' म्हटले. तिलाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

भिंतीवर हेच होते, फक्त फार सावकाश. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे 'रासायनिक बदल उलटत नाही' ही आपण वर्गात सांगतो ती खूण कच्ची आहे. इथे तर तीन रासायनिक बदल होऊन पदार्थ मूळ जागी येतो! विचारायचे ते एवढेच, की वाटेत नवा पदार्थ तयार झाला का? गुरुजींच्या डबीतल्या वाळक्या चुन्यावर आम्ही लिंबू पिळले. बुडबुडे आले. ताज्या चुन्यावर जवळजवळ नाहीच.

कंधार, औसा, उदगीरच्या किल्ल्यांत दगड सांधायला हा चुना वापरला आहे. वाळू मिसळून, घाणीत बैलांकरवी मळून तो तयार करत. भट्टी, सरपण, घाणी हा सगळा खर्चाचा मामला. शेतकऱ्याच्या घराच्या दगडी भिंती मात्र मातीतच रचल्या जात, आणि माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे गेली. दोष एकट्या मातीचा नव्हता. न घडलेले गोटे, आतून पोकळ भरावाच्या जाड भिंती, डोक्यावर माळवदाचे ओझे, हे सारे त्यात होते. पण वाळलेल्या मातीत कण नुसते एकमेकांना टेकून असतात, त्यांना जखडणारा नवा पदार्थ तिथे तयार झालेलाच नसतो. हादऱ्यात तो सांधा टिकला नाही.

पुनर्वसनाच्या गावांत सिमेंट आले. गवंडी त्यालाही 'वाळू द्या' म्हणतात आणि वर दिवसातून दोनदा पाणी मारतात. वाळवायचेच असेल, तर पाणी कशाला? उद्या वर्गात विचारून पाहा.