हवा भरणे सोपे, सोडणे अवघड : पाणबुड्याच्या जॅकेटचा इतिहास

आपले बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तरीही इथली बरीच मुले जलतरण तलावात स्कूबा डायव्हिंग शिकतात आणि मग मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे किंवा मालवण-तारकर्लीला जातात. त्यांच्यापैकीच एका विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पाणबुड्याच्या जॅकेटचा आराखडा आणला होता. हवा भरण्याची सोय उत्तम होती. हवा सोडण्याची झडप मात्र एकच आणि तीही कमरेशी. मी विचारले, "माणूस पाण्यात उभा असेल, तेव्हा जॅकेटमधली हवा कुठे असेल?" तो गप्प झाला. या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला बराच काळ लागला आहे. आजच्या टिपणात तो इतिहास पाहू.

१. आधी फक्त तरंगणे

हवा भरलेल्या पिशवीच्या आधाराने पाण्यात राहणे ही कल्पना फार जुनी आहे. इ.स.पू. नवव्या शतकातील असिरियन शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यांच्या आधाराने नदी पार करणारे सैनिक दिसतात. आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकलो आहोत : वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे प्लावक बल तिच्यावर लागते. तरंगायचेच असेल तर एवढे पुरते. हवा भरा आणि तोंड घट्ट बांधा. सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

२. प्रश्न कुठून आला?

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केले. पाणबुडा आता वरून येणाऱ्या नळीपासून मुक्त झाला. तेव्हा तो कमरेला शिशाची वजने बांधून तोल साधत असे. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनचा वेटसूट पुढे आणला. थंडीपासून बचाव झाला, पण नवी अडचण उभी राहिली. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. खोल जावे तसे ते दाबले जातात, सूट पातळ होतो आणि पाणबुडा पाण्यात जड पडतो. पृष्ठभागाजवळ बरोबर ठरलेली वजने तळाशी जास्त होतात. ही तूट भरून काढायला हवेची पिशवी लागली.

१९६१ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेन्झी यांचे गळ्यात घालायचे जॅकेट आले. त्याला स्वतःची छोटी हवेची टाकी होती. १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीने अंगरख्यासारखे घालायचे 'स्टॅब जॅकेट' आणले. आजच्या बीसीडीचा घाट त्यातूनच आला.

३. बॉईलचा नियम उलट फिरतो तेव्हा

खाली जाताना जॅकेटमध्ये हवा भरली, तळाशी तोल साधला. आता वर यायचे आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. म्हणजे २० मीटरवर एकूण दाब ३ वातावरण. तिथे जॅकेटमध्ये ४ लिटर हवा आहे असे धरा. ती न सोडता वर आलात, तर :

- १० मीटरवर (२ वातावरण) : ६ लिटर
- ५ मीटरवर (१.५ वातावरण) : ८ लिटर
- पृष्ठभागावर (१ वातावरण) : १२ लिटर

पहिल्या १० मीटरमध्ये २ लिटर वाढले, शेवटच्या १० मीटरमध्ये ६. प्रत्येक जादा लिटर सुमारे १ किलोचा वर ओढणारा जोर देतो. जोर वाढला की वेग वाढतो, वेग वाढला की हवा आणखी लवकर फुगते. वर दाबलेला सूटही पुन्हा जाड होऊ लागतो. म्हणून पृष्ठभागाजवळचे पाणी 'सुरक्षित' समजू नका.

या वेगाची किंमत शरीर मोजते. श्वास रोखला असेल तर फुप्फुसातली हवाही अशीच फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. शिवाय रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. जे. एस. हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत मांडली. (त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले.) अमेरिकी नौदलाचा वर येण्याचा जुना वेग मिनिटाला ६० फूट होता. पुढे तो निम्म्यावर, ३० फुटांवर आणला गेला. इतके सावकाश यायचे तर वाटेत हवा सोडत राहणे भागच आहे.

४. झडप कुठे हवी?

हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते. म्हणून उभे असताना डाव्या खांद्यावरची नळी डोक्यावर धरून बटण दाबतात किंवा खांद्यावरच्या झडपेची दोरी ओढतात. डोके खाली असेल तर कमरेमागची झडप उपयोगी पडते. हवा थोडी सोडायची, क्षणभर थांबायचे, परिणाम पाहून पुन्हा सोडायची. भरण्याचे आणि सोडण्याचे बटण एकाच नळीवर असते. घाबरलेला माणूस चुकीचे बटण दाबतो. म्हणून दोन बटणे स्पर्शाने वेगळी कळली पाहिजेत. हा मुद्दा आराखडा करणाऱ्याचा आहे, पाणबुड्यावर ढकलायचा नाही.

डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोधकार्य केले. तळाशी मोजमाप करताना गाळ ढवळला गेला तर समोरचे काही दिसत नाही. अशा ठिकाणी तोल हेच निम्मे कौशल्य. डॉ. राव यांचे निधन २०१३ मध्ये आपल्याच शहरात झाले.

मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली जाल तेव्हा तुमच्या जॅकेटची हवा सहसा सोबतचा मार्गदर्शकच सांभाळेल. त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. वर येताना तो हवा भरत नाही, सोडत असतो.

आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या आठवड्यात आराखडा बदलून आणला : खांद्यावर एक झडप, कमरेमागे एक.

स्वाध्याय : १५ मीटरवर जॅकेटमध्ये ४ लिटर हवा आहे. ५ मीटरवर येताना तिचे आकारमान ४ लिटरच राहावे, यासाठी ५ मीटरवरील दाबाला मोजलेली किती लिटर हवा सोडावी लागेल? ती कोणत्या झडपेतून सोडाल आणि का?