‘स्वेच्छा’ नेमकी कुणाची? व्हीआरएसची गोष्ट, मोहन्यापासून कॉकपिटपर्यंत

आजच्या भागात ना लढाई आहे, ना किल्ला. आज एका कागदाचा इतिहास सांगायचाय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हजारो घरांत हा कागद कधी ना कधी आलाय. त्याचं नाव व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना. वयाच्या आधी नोकरी सोडा, त्या बदल्यात एकरकमी पैसे घ्या.

सुरुवात २०२२ पासून करू आणि मग मागे जाऊ. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने कायम कर्मचाऱ्यांसाठी व्हीआरएस आणली. वय ५५ आणि नोकरी २० वर्षं झाली असेल तर अर्ज करा. केबिन क्रू, क्लार्क आणि अकुशल कामगारांसाठी वयाची अट तर ४० वरच आणली. आणि त्याच महिन्यात कंपनीच्या निवृत्त होणाऱ्या वैमानिकांना काय विचारलं गेलं? निवृत्तीनंतर आणखी ५ वर्षं आमच्याकडेच कमांडर म्हणून विमान चालवाल का?

कंपनी एक, महिना एक. काउंटरवरच्या माणसाला जाण्यासाठी पैसे आणि कॉकपिटमधल्या माणसाला थांबण्यासाठी करार. असं का? याचं उत्तर सापडलं की व्हीआरएसचा सगळा इतिहास उलगडतो.

कायद्याने दार अडवलं, मग खिडकी उघडली

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा आला, डोंबिवलीची एमआयडीसी आली. पोखरण रोडला रेमंड होती, शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीजवळ मोहन्याला एनआरसी. कारखान्यात ‘पर्मनंट’ झालो म्हणजे आयुष्य मार्गी लागलं, असा तो काळ होता.

१९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, औद्योगिक विवाद कायद्यात एक नवं प्रकरण घातलं गेलं. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपात किंवा टाळेबंद नाही, तर कायमची बंदी करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची. पुढे १९८० च्या दशकात ही मर्यादा १०० कामगारांवर आली. परवानगी सहजासहजी मिळत नसे. कुठल्या मंत्र्याला आपल्या सहीने हजार कुटुंबं घरी बसवायची असतात?

मग मालकांनी दुसरी वाट काढली. कामगाराला काढायला परवानगी लागते ना? पण तो आपणहून गेला तर? तिथे परवानगीचा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘स्वेच्छा’ हा शब्द इतका महत्त्वाचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची हवा बदलली, १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि १९९० च्या दशकात ‘गोल्डन हँडशेक’ हा शब्द लोकलच्या डब्यात पोहोचला.

सरकारनेही हातभार लावला. आयकर कायद्यात व्हीआरएसच्या रकमेवर ५ लाखांपर्यंत करमाफी आली. (तेव्हा ५ लाखांत डोंबिवलीत घर येत होतं. आकडा अजून ५ लाखच आहे, घराचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे!) पण करमाफीच्या नियमांत एक अट आहे, ती नीट वाचा: व्हीआरएसने रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही. म्हणजे माणूस तर जातोच, त्याच्यासोबत ती नोकरीही जाते. बापाने सही केली की मुलाला मिळू शकणारी जागासुद्धा कागदावरून पुसली जाते.

आकड्यांचं गणित

आता हिशेब करू. घाबरू नका, सोपा आहे.

समजा, एखाद्याचा बेसिक आणि डीए मिळून महिन्याला २०,००० रुपये पगार आहे. नोकरीची २५ वर्षं झाली आहेत, ८ वर्षं उरली आहेत. कंपनीने कायद्याप्रमाणे कपात केली तर भरपाई किती? झालेल्या प्रत्येक वर्षाचा १५ दिवसांचा पगार. म्हणजे ३७५ दिवस, साधारण अडीच लाख रुपये.

आता व्हीआरएसचं गणित. सरकारी कंपन्यांत ‘गुजरात मॉडेल’ नावाचं सूत्र चालतं: झालेल्या प्रत्येक वर्षाचे ३५ दिवस, उरलेल्या प्रत्येक वर्षाचे २५ दिवस. ८७५ अधिक २००, एकूण १,०७५ दिवस. म्हणजे ७ लाख १७ हजारांच्या आसपास. ग्रॅच्युइटी आणि पीएफ वेगळे, ते तर हक्काचेच.

आणि नोकरी सुरूच राहिली असती तर? ८ वर्षांचा पगार १९ लाख २० हजार, तोही एकही वाढ न धरता.

अडीच, सव्वासात, सव्वाएकोणीस. हे तीन आकडे लक्षात ठेवा. अडीच आणि सव्वासात यांच्यातला जो फरक आहे, ती तुमच्या सहीची किंमत. ती किंमत कुणाच्या दानतीतून येत नाही. कामगार ‘नाही’ म्हणू शकतो आणि ‘नाही’ म्हणाला तर कंपनी अडकते, म्हणून ती मिळते. सगळी वाटाघाट या फरकावर चालते.

‘नाही’ म्हणायची ताकद गेली की

मोहन्याच्या एनआरसीकडे बघा. एकेकाळी हजारो कामगार, स्वतःची वसाहत, शाळा. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. बंद पडलेल्या कारखान्यात वाटाघाट कुणाशी करणार? देणी थकली, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं आणि त्या पैशांसाठी कामगार वर्षानुवर्षे आंदोलन करत राहिले. व्हीआरएसला नावं ठेवणाऱ्यांनी ही बाजूही बघावी. चालू कारखान्याने दिलेला चेक आणि बंद कारखान्याने दिलेलं आश्वासन यांत फार अंतर असतं. अनेक कामगारांनी सही केली ती याच भीतीने: आज घेतलं नाही तर उद्या हेही मिळणार नाही.

ठाण्याची रेमंड १९२५ पासूनची. तिथली मिलही २००९ मध्येच बंद झाली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच जमिनीवर कंपनीने घरांचा प्रकल्प सुरू केला आणि सुमारे २० एकरांचा एक तुकडा ७०० कोटी रुपयांना विकला. यात बेकायदा काही नाही. पण व्हीआरएसचं कुठलंही सूत्र बघा, त्यात पगाराचे दिवस मोजतात. जमीन मोजत नाहीत. कामगार निघून गेल्यावर त्याच्या पायाखालची जागा किती महाग होणार, हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो प्रश्न रस्त्यावर आणला, म्हणून घरांच्या सोडतीपर्यंत तरी गोष्ट गेली.

डोंबिवलीचा पांढरपेशा व्हीआरएस

हे फक्त कारखान्यांत झालं असं समजू नका. डोंबिवली म्हणजे बँकवाल्यांचं गाव. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये अर्धा डबा फोर्टला उतरायचा. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी व्हीआरएस आणली: १५ वर्षं नोकरी किंवा वय ४०, प्रत्येक वर्षाचा ६० दिवसांचा पगार. देशभरात १ लाखाहून जास्त लोक बाहेर पडले.

काहींनी अर्ज केला आणि मग त्यांचं मन बदललं. बँका म्हणाल्या, आता मागे फिरता येणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत सांगितलं की कर्मचाऱ्याचा अर्ज हा फक्त प्रस्ताव आहे. बँकेने तो स्वीकारेपर्यंत तो मागे घेता येतो. ज्यांनी पैसे घेतले होते त्यांना मात्र ही वाट बंद झाली. थोडक्यात, ‘स्वेच्छा’ या शब्दाला न्यायालयाने दात दिले, पण चेक वटवण्याआधीपुरते.

मग आला २०१९. ठाणे एमटीएनएलचं, कोड ०२२. कल्याण-डोंबिवली बीएसएनएलचं, कोड ०२५१. गावं शेजारी, कंपन्या वेगळ्या, पण त्या नोव्हेंबरमध्ये दोघांना एकच कागद आला. वय ५० च्या पुढे असेल तर व्हीआरएस, आणि सूत्र तेच, ३५ आणि २५ दिवसांचं. त्या वर्षी पगार वेळेवर होत नव्हते. व्हीआरएस न घेणाऱ्यांचं निवृत्तीचं वय ६० वरून ५८ वर येईल अशी भीती घातली जातेय, असा आरोप युनियननी केला. शेवटी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलमधून १४ हजारांहून जास्त लोक ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी बाहेर पडले.

पगार थकलेला असताना केलेली सही स्वेच्छेची असते का? उत्तर तुम्हीच ठरवा.

आता कॉकपिटमध्ये चला

वैमानिकांकडे हेच नाटक उलटं चालतं. तिथे सगळं काही सीनियॉरिटीच्या यादीवर ठरतं. अमेरिकेत तर ही यादी म्हणजे धर्मग्रंथच: कुठलं विमान, कुठला मार्ग, दिवाळीला सुट्टी की ड्युटी, कॅप्टन कधी होणार, सगळं त्या यादीतल्या नंबरावर. वरचा एक माणूस निवृत्त झाला की खालचे सगळे एकेक पायरी चढतात.

त्यामुळे युनियनच्या आतच दोन तट पडतात. तरुण को-पायलट म्हणतात, सीनियर लोकांना चांगलं पॅकेज द्या आणि जाऊ द्या. सीनियर म्हणतात, आम्ही सगळ्यात जास्त पगारावर आत्ता पोहोचलो, आत्ताच का जायचं? अमेरिकेत वैमानिकांचं वय १९५९ पासून ६० होतं. डिसेंबर २००७ मध्ये कायद्याने ते ६५ झालं. तेव्हा तरुणांना वाटलं, आपली बढती ५ वर्षं लांबली. २०२३ मध्ये ६७ करायचा प्रस्ताव आला तर वैमानिकांच्या सगळ्यात मोठ्या युनियननेच विरोध केला. २०२४ च्या कायद्यात वय ६५ च राहिलं.

आणि कोविड? २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती. डेल्टा कंपनीने वैमानिकांना लवकर निवृत्तीचं पॅकेज दिलं. १,८०० च्या आसपास लोकांनी घेतलं. त्यांच्या जाण्याने खालच्या तरुणांच्या नोकऱ्या वाचायला मदत झाली. पण दोन वर्षांत प्रवासी परत आले आणि वैमानिक कमी पडले. मार्च २०२३ मध्ये त्याच डेल्टाच्या युनियनने ४ वर्षांत ३४ टक्के पगारवाढीचा करार मिळवला. काल जायला पैसे, आज थांबायला पैसे. मधे बदललं काय? फक्त कुणाला कुणाची गरज आहे ते.

एअर इंडियातही तसंच. २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्डचा संप ५८ दिवस चालला आणि त्यातून हाती फारसं काही लागलं नाही. पण २०२२ नंतर नवी विमानं यायची होती आणि अनुभवी कॅप्टन एका वर्षात तयार होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६५ केलं आणि बाकीच्यांचं ६०. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच. माणूस किती वर्षं झिजला यावर किंमत ठरली नाही. त्याच्याशिवाय कंपनीचं अडतं की नाही, यावर ठरली.

मग आपल्याला काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली आहे. कारखान्यात परवानगीची मर्यादा १०० वरून पुन्हा ३०० कामगारांवर गेली. म्हणजे ३०० पेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला ‘स्वेच्छा’ विकत घ्यायची गरज तेवढी उरली नाही. आणि तुमच्यापैकी जे ११ महिन्यांच्या करारावर आहेत किंवा अ‍ॅपवर डिलिव्हरी करतात, त्यांची तर ‘झालेली वर्षं’ कुठे मोजलीच जात नाहीत. तिथे ३५ दिवस कशाला गुणायचे?

तरीही उद्या घरात आई, बाबा, काका, कुणासमोर हा कागद आला, तर ‘किती मिळतायत?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे तीन विचारा. सही केली नाही तर कायद्याप्रमाणे किती मिळेल? अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती? आणि वाटाघाटीला आपल्या बाजूने कोण बसलंय? तिसऱ्याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर कागदावरच्या आकड्यावर कुणीही घासाघीस केलेली नाही, हे समजून जा.

तुमच्या घरात कुणी व्हीआरएस घेतली असेल तर त्यांना आज एकदा विचाराच, सही करताना मनात काय होतं. पासबुकात ते लिहिलेलं नसतं. भेटू पुढच्या भागात.