हाताच्या अंतरावरचे अग्निशामक

लहान खाजगी विमानात पुढच्या दोन आसनांच्या मधोमध, पायाखालच्या पत्र्यावर, एक लाल बाटली पोलादी पट्ट्यात आवळून बसवलेली असते. उंची दीड वीत, वजन दोन किलोच्या आतबाहेर. नवखा उतारू आत शिरताना तिला पाय लागू नये म्हणून जपतो आणि पुढे खिडकीबाहेरच्या देखाव्यात तिला विसरून जातो. वैमानिकालाही वर्षानुवर्षे तिच्याकडे हात नेण्याचा प्रसंग येत नाही. तथापि या बाटलीत काय भरावे आणि ती नेमकी कोठे व कशी बसवावी, या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात शंभर वर्षे गेली, आणि मधल्या काळात अनेकदा रोगापेक्षा औषधच भयंकर ठरले.

जमिनीवर आग विझवण्याची हातातली साधने विमानापेक्षा पुष्कळ जुनी आहेत. १७२३ मध्ये ॲम्ब्रोझ गॉडफ्रे या लंडनच्या रसायनज्ञाने पाण्याच्या पिंपात बंदुकीची दारू ठेवून ते पिंप आगीतच फोडण्याची युक्ती काढली. १८१८ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज मॅन्बी याने तांब्याच्या भांड्यात क्षाराचे पाणी व दाबलेली हवा भरून, तोटी उघडताच फवारा उडेल असे यंत्र केले. १८६६ मध्ये फ्रान्समध्ये सोडा आणि आम्ल यांचे अग्निशामक निघाले आणि पुढे कचेऱ्या, गिरण्या व नाटकगृहे यांच्या भिंतींवर ते सर्वत्र दिसू लागले. त्याचे पुष्कळसे प्रकार उलटे धरले की चालू होत. असे यंत्र विमानात बसवले असते, तर वैमानिकाने पहिली कोलांटी घेताच त्याला आयतीच आंघोळ घडली असती! विनोद बाजूला ठेवला तरी पाण्याचे दोष उरतातच. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. पाणी ओतावे तर ते त्यावर तरंगत जळत राहते आणि आग अधिकच पसरते. शिवाय पाणी वजनदार, आणि विमानात तर प्रत्येक शेराचा हिशेब.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले ते लाकूड, कापड आणि पेट्रोल यांच्या बळावर. पुढची पंधरा-वीस वर्षे विमाने याच वस्तूंची बनत होती. पंखांचे कापड ताणून घट्ट बसावे म्हणून त्याला एक रोगण चढवीत. त्यातला नायट्रेटचा प्रकार तर स्फोटक कापसाच्या नात्यातला. तेव्हा ज्या वाहनाची कातडी काडीसरशी पेट घेते, ज्याच्या पोटात पेट्रोल आहे आणि ज्याच्या अंगावर ताशी शंभर मैलांचा वारा फुंकर घालीत आहे, अशा वाहनात ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नव्हती.

पहिल्या महायुद्धात ही भीती प्रत्येक वैमानिकाच्या उशाशी होती. ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना हवाई छत्र्या दिल्या जात नसत; त्या फक्त बलूनमधल्या टेहळ्यांना मिळत. २२ जुलै १९१८ रोजी इंद्रलाल रॉय हा अवघ्या एकोणीस वर्षांचा भारतीय वीर फ्रान्सच्या आकाशात जळत्या विमानासह कोसळला. दोन आठवड्यांत त्याने शत्रूची दहा विमाने नामोहरम केली होती. त्यानंतर चारच दिवसांनी मिक मॅनॉक हा नामांकित ब्रिटिश वैमानिक तशाच रीतीने गेला. मॅनॉक आगीला इतका भीत असे की, तो आपल्याजवळ पिस्तूल बाळगी. ते शत्रूसाठी नव्हते, विमान पेटले तर स्वतःसाठी होते.

याच सुमारास अमेरिकेतील पाइरीन कंपनीचे हातपंपाचे अग्निशामक विमानांत येऊ लागले. तिने १९१० च्या आसपास हे साधन तयार केले होते: चकचकीत पितळी नळकांडे, वर एक मूठ, सायकलच्या पंपासारखी ओढायची आणि दाबायची, की तोंडातून द्रवाची बारीक धार निघे. आत कार्बन टेट्राक्लोराइड भरलेले असे. हा द्रव विजेचा वाहक नाही, थंडीत लवकर गोठत नाही आणि मागे डाग ठेवीत नाही. तो उष्णतेने उकळला की त्याची वाफ हवेच्या पाचपट जड असल्याने आगीवर पांघरुणासारखी बसते. मोटारी आणि मोटारबोटी यांच्यासाठी निघालेले हे नळकांडे विमानालाही शोभून दिसले. अमेरिकेच्या ‘जेनी’ या शिकाऊ विमानातही ते बसवीत. पकडही मोटारीचीच होती. पितळी नळकांड्याला कवेत घेणारी ती कमान ज्या कारागिराने प्रथम केली, त्याच्यापुढे खडबडीत रस्त्यांचे हादरे होते. आकाशातून आपटण्याचा विचार त्याने केला नव्हता.

परंतु या द्रवात एक वैरी लपून बसला होता. तापलेल्या धातूवर कार्बन टेट्राक्लोराइड पडले की त्यातून थोडाफार फॉस्जीन वायू निघतो. हाच वायू जर्मनांनी १९१५ मध्ये खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. नुसत्या द्रवाची वाफही यकृत आणि मूत्रपिंडे बिघडवते. विमान उघडे होते तोवर वाऱ्याने हे पाप वाहून नेले. पुढे मात्र लहान विमानांना छत आणि तावदाने आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला ज्या ‘पस् मॉथ’ विमानातून टपाल आणले, ते अशा बंद कोठडीचेच होते. टोपी सांभाळीत बसण्याचे दिवस संपले, ही सोय मोठी. पण त्या कोठडीत विषारी वाफ सोडली तर ती जाणार कोठे? आग विझवून वैमानिक गुदमरला, तर विमानाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

यानंतरची वीस वर्षे पर्यायाच्या शोधाची आहेत, आणि तो शोध आंधळ्या कोशिंबिरीसारखा चालला. युरोपात मिथिल ब्रोमाइड पुढे आले. ते आग झपाट्याने विझवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि जर्मन विमानांच्या इंजिनांपाशी त्याच्या बाटल्या असत. पण विषारीपणात त्याने आपल्या पूर्वजालाही मागे टाकले. मग जर्मनांनी क्लोरोब्रोमोमिथेन वापरून पाहिले आणि युद्धानंतर अमेरिकेनेही ते उचलले. थोडी सुधारणा झाली, इतकेच.

खरा पालट झाला तो १९४७ नंतर. अमेरिकन लष्करासाठी पर्ड्यू येथील संशोधन संस्थेने साठाहून अधिक द्रव्ये एकामागून एक तपासली आणि त्यांतून निवडक चार बाजूला काढली. यांनाच पुढे हॅलॉन हे नाव पडले. त्यांच्या नावामागचे आकडे कोड्यासारखे वाटतात, पण ते केवळ हजेरीपत्रक आहे: कार्बन, फ्लोरीन, क्लोरीन आणि ब्रोमीन यांचे अणू त्या क्रमाने मोजायचे. हॅलॉन १३०१ म्हणजे कार्बन एक, फ्लोरीन तीन, क्लोरीन शून्य, ब्रोमीन एक. हॅलॉन १२११ मध्ये फ्लोरीनचे दोन आणि क्लोरीनचा एक. या द्रव्यांचे काम गारवा देण्याचे किंवा हवा तोडण्याचे फारसे नाही. ज्योत ही अणुरेणूंची एक साखळी असते. एक तुकडा दुसऱ्याला चेतवतो, दुसरा तिसऱ्याला. ब्रोमीन त्या साखळीतले तुकडे मध्येच पकडतो आणि ज्योत मरते. म्हणून थोडे द्रव्य पुरते. १३०१ लगेच वायू होऊन पसरते, म्हणून ते इंजिनाच्या कोठड्यांसाठी सोयीचे. १२११ काही अंतरापर्यंत धार धरून जाते, म्हणून हातातल्या बाटलीसाठी तेच मुख्यतः निवडले गेले.

आता दुसरा प्रश्न, बाटली बसवण्याचा. वरवर पाहता हे सुताराचे काम वाटते, पण तसे ते नाही. विमान जमिनीवर आपटले की त्यातली प्रत्येक सुटी वस्तू बंदुकीच्या गोळीसारखी पुढे धावते. अमेरिकेच्या जुन्या नियमांनुसार लहान विमानातील सामानाची पकड पुढच्या दिशेने वजनाच्या नऊपट ओढ सोसेल अशी धरीत. १९८८ मध्ये, नव्या रचनेच्या विमानांत उतारूंना इजा करू शकणाऱ्या वस्तूंसाठी हा आकडा अठरापट झाला. दोन किलोची बाटली त्या क्षणी छत्तीस किलोची होते. ती रोखायची तर पकड पत्र्याला खिळवून चालत नाही. खालच्या आडव्या कण्याशी तिचे नाते जोडावे लागते. उलट पक्षी, तीच बाटली वैमानिकाला एका हाताने, पट्टा न सोडता, धुरात न पाहता सोडवता आली पाहिजे. अठरापट ओढीला न सुटणारी आणि बोटाच्या झटक्याला सुटणारी पकड, असे हे परस्परविरोधी मागणे आहे, आणि कळ दाबताच उघडणारा पोलादी पट्टा हे त्याचे उत्तर.

जागेचेही तसेच. आसनाखाली ठेवावी तर वाकून हात पोहोचत नाही. मागे सामानात ठेवावी तर ती नसल्यासारखीच. दाराजवळ ठेवावी तर उतरणाऱ्याचा पाय अडतो. पायांपुढे तर मुळीच नको, कारण सुटलेली बाटली सुकाणूच्या पेडलांखाली अडकली की विमानच अडकते. पत्र्याला भोके पाडताना खालून नियंत्रणाच्या तारा आणि पेट्रोलच्या नळ्या जातात याचेही भान ठेवावे लागते. एवढ्या अटी पाळून जी जागा उरते ती बहुधा दोन पुढच्या आसनांच्या मधली. १९९० नंतरच्या दशकात सेस्ना १७२ हे विमान पुन्हा बनू लागले, तेव्हा त्याच्या निर्मात्यांनीही हॅलॉन १२११ ची बाटली तेथेच बसवली.

काही मालक पैसे वाचवण्यासाठी मोटारीतले भुकटीचे अग्निशामक विमानात ठेवतात. या काटकसरीला शहाणपण म्हणवत नाही. भुकटीचा ढग उठला की वैमानिकाला समोरची उपकरणे दिसत नाहीत, आणि फॉस्फेटची भुकटी ॲल्युमिनियमच्या सांध्यांत शिरून त्याला पोखरते. कार्बन डायऑक्साइडची बाटली जड, आणि लहान कोठडीत श्वास कोंडणारी.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. इंजिन पेटले तर हातातली बाटली कामाची नाही. मध्ये पोलादी आडभिंत असते, तेव्हा पेट्रोल तोडणे हाच उपाय. बाटली आहे ती कोठडीतल्या आगीसाठी: जळकी तार, सिगारेट, तापयंत्र. अशा आगीत आधी विजेचे मुख्य बटण बंद, मग हवेची भोके बंद, मग फवारा, आणि आग खात्रीने विझल्यावरच हवा मोकळी, असा क्रम असतो.

हा क्रम चुकला तर काय होते ते ३१ डिसेंबर १९८५ रोजी दिसले. अमेरिकेतील लोकप्रिय गायक रिकी नेल्सन आपल्या खाजगी डीसी-३ विमानातून आलाबामातील गंटर्सव्हिल येथून डॅलसकडे निघाला होता. नववर्षाचा कार्यक्रम करायचा होता. विमान १९४४ मधले. वाटेत मागच्या भागात, जमिनीलगत, आग लागली. अनेकांनी कोठडीच्या तापयंत्राकडे बोट दाखवले, तरी मूळ कारण निश्चित झाले नाही. वैमानिकांनी टेक्ससमधील डी काल्बजवळ एका शेतात विमान उतरवले. दोघे वैमानिक खिडक्यांतून भाजलेल्या अवस्थेत बाहेर पडले. नेल्सन धरून सातही उतारू आत राहिले. चौकशीत जे दोष नोंदले गेले त्यांत हवेची भोके बंद करण्याऐवजी उघडणे, उतारूंना प्राणवायू घेण्यास न सांगणे, आणि वैमानिकांच्या कोठडीत असलेले अग्निशामक न वापरणे, हे तीन होते. बाटली होती. जागेवर होती. तिच्याकडे हात गेला नाही.

मोठ्या विमानांच्या बाबतीत याआधीच जाग आली होती. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानात शौचकूपाजवळ आग लागून ४६ पैकी २३ जण गेले. तेथे कार्बन डायऑक्साइडची बाटली रिकामी केली तरी आग भिंतीमागे धुमसत राहिली होती. त्यानंतर अमेरिकेने प्रवासी विमानांत हॅलॉन १२११ च्या बाटल्या सक्तीच्या केल्या.

आणि नेमक्या त्याच वर्षांत हॅलॉनची कुंडली बदलली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी क्लोरीनयुक्त वायू वातावरणातील ओझोनचा थर झिजवतात असे दाखवले होते; ब्रोमीन तर त्याहून घातक. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचे भगदाड आढळल्याचे जाहीर झाले, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉण्ट्रियल येथे करार झाला. हॅलॉन १३०१ ची ओझोननाशक शक्ती शीतयंत्रांतल्या नेहमीच्या वायूच्या दहापट, १२११ ची तिप्पट. प्रगत देशांत त्यांचे उत्पादन १९९४ च्या आरंभी थांबले. १९९२ मध्ये करारात सामील झालेल्या भारतासह विकसनशील देशांत २०१० च्या आरंभी. ज्वालेची साखळी तोडणारा तो गुणच आकाशात अवगुण ठरला. विमानांना जुन्या साठ्यातले, शुद्ध करून पुन्हा भरलेले हॅलॉन वापरण्याची सवलत मिळाली.

पर्याय निघाले आहेत, पण ते अजून थोरल्या भावाची बरोबरी करीत नाहीत. ज्या आगीला हॅलॉन १२११ चे सव्वा किलोही लागत नाही, तिच्यासाठी हॅलोट्रॉन एक हे द्रव्य सव्वादोन किलोंच्या पुढे लागते. म्हणजे बाटली जाड, उंच आणि जड. जुन्या पट्ट्यात ती मावत नाही आणि जुनी पकड तिची ओढ सोसेल याचा भरवसा नाही. म्हणून जुन्या विमानाची बाटली बदलायची तर मेकॅनिक आसने काढतो, जमिनीचा पत्रा उचलतो, खालच्या तारा कोठून गेल्या आहेत ते बॅटरीच्या उजेडात पाहतो, नव्या पकडीसाठी नवी भोके पाडतो. आणि शेवटी विमानाच्या वजन व तोलाच्या नोंदवहीत जुना आकडा खोडून नवा लिहिला जातो.